पोशाखांच्या खोलीतली भिंत

मी रंगारी आहे. चौतीस वर्षं झाली या धंद्यात, आणि चौतीस वर्षांत माझ्या कामाला कोणी नावं ठेवली असतील तर ती माझ्या पाठीमागे. तोंडावर बोलायला लोक घाबरतात. माझा स्वभाव तापट आहे हे मला मान्य आहे. बायको म्हणते, तापट कसला, तुम्ही नुसतेच खेकसता.

लोक मला आरसेवाले म्हणतात. ऑइल पेंटची भिंत मी अशी करून देतो की माणसाला तिच्यात बघून भांग पाडता यावा. आधी खड्डे बुजवायला लांबी भरायची, मग पॉलिश पेपरने घासायचं, परत लांबी, परत पेपर, आणि हात दुखायला लागले की मग रंग. सगळं झालं की पेटता बल्ब भिंतीला खेटून धरायचा. कुठे केसभर उंचसखल असेल तर तिथे सावली पडते. माझ्या भिंतीवर सावली पडत नाही. गिऱ्हाइकाला हाताला धरून आणतो, बल्ब फिरवून दाखवतो, आणि ते ‘वा’ म्हणेपर्यंत बल्ब खाली ठेवत नाही.

मला एकच मुलगी. तिला आम्ही टिल्ली म्हणतो. लहानपणी वीतभर होती म्हणून टिल्ली. आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, पण नाव पडलं ते पडलं. शिक्षण संपल्यावर तिने भिंतीतली ओल आणि बुरशी काढायचं काम शिकायला घेतलं. मला वाटलं, थट्टा करतेय. बुरशीत शिकण्यासारखं काय असतं? पण ती शिकली, तीन वर्षं एका कंपनीत लोकांच्या कुबट तळघरांतून राबली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, “बाबा, मी आता तुमच्याबरोबर काम करणार.” मी वरवर “बघू” म्हणालो. आतून इतका खूश झालो होतो की त्या दिवशी कोणावरही खेकसलो नाही. बायकोने कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

टिल्लीकडे मोबाइलएवढं एक यंत्र आहे, त्याला पुढे दोन सुया. सुया भिंतीत टोचल्या की भिंत आतून किती ओली आहे ते कळतं. हिरवा दिवा लागला तर कोरडी, पिवळा लागला तर सांभाळा, लाल लागला तर बोंबला. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायचो. भिंत कोरडी आहे की ओली हे मी नुसता तळहात टेकवून सांगायचो, आणि ते चुकू शकतं असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अशात पोशाखवाल्या बाईंचा फोन आला.

बाई नाटकांना, शाळांना, सिनेमावाल्यांना पोशाख भाड्याने देतात. पुढे काउंटर, मागे एक लांबट खोली, आणि त्या खोलीत सातशे पोशाख. राजे, शिपाई, चेटकिणी, नवऱ्यामुली, सगळे एकाच दांडीवर खांद्याला खांदा लावून लटकलेले असतात. दुकान त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं. बाई आता साठीच्या पुढे आहेत, घरात एकट्या, त्यामुळे दुकान हाच त्यांचा संसार.

“आरसेवाले, ती मागची भिंत परत काळी पडलीय हो,” बाई म्हणाल्या, आणि मग बराच वेळ नुसता खोकलाच ऐकू आला. “डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलंय. दोन महिन्यांनी परत तपासणार. तोवर खोली नीट झाली नाही आणि दम सुधारला नाही, तर दुकान बंद करा म्हणाले. छाती की पोशाख, काय ते एक निवडा.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, आमच्या आरसेवाल्यांना विचारून सांगते.”

आता अशा वेळी कोणाची छाती फुगणार नाही? ती भिंत माझीच होती. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिला नुसता चुना असायचा, बाईंच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. मी तिचा आरसा केला. बाई इतक्या खूश झाल्या की पोशाख घालून बघायला आलेल्या लोकांना मुद्दाम त्या भिंतीसमोर उभं करायच्या. मागच्या वर्षी तिच्यावर काळे ठिपके आले तेव्हा मीच धावत गेलो होतो. तारेच्या ब्रशने खसाखसा घासून काढले, धूळ उडायला लागली म्हणून मोठा पंखा लावून ती दाराकडे हाकलली, आणि वरून रंगाचे दोन हात जास्तच मारले. तेही माझ्या हौसेने. आम्ही सगळे रंगारी हे असंच करतो. डाग दिसला की घासायचा, आणि वर इतका रंग द्यायचा की त्याला परत डोकं वर काढता येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश, खरवडायची पत्री, ब्लीचचा कॅन आणि संडास धुवायच्या ऍसिडची बाटली घेऊन निघालो. टिल्लीने माझी पिशवी उघडून पाहिली आणि ऍसिडची बाटली बाहेर काढून ठेवली.

“हे कशाला?”

“आधी ब्लीच, वर ऍसिड. बुरशीचा बाप मरेल.”

“बुरशीचा नाही, माझा मरेल. या दोघांचा एकत्र विषारी वायू होतो, बाबा. बंद खोलीत चार श्वासांत आडवे व्हाल.” मग कॅनही काढून ठेवला. “आणि गिलाव्यात मुरलेली बुरशी ब्लीचने जात नाही. वरचा काळा रंग तेवढा उडतो, आणि आपल्याला वाटतं गेली.”

मी पिशवी खांद्याला लावली. पण मनात म्हटलं, बघू दुकानात गेल्यावर कोण कोणाला शिकवतं.

दुकानात पाय ठेवल्याबरोबर तिने पहिलं काय केलं, तर मागच्या खोलीतला पंखा बंद केला. मग बाईंना बाहेर फुटपाथवर खुर्ची टाकून बसवलं. “मावशी, आता काम संपेपर्यंत या खोलीत तुम्ही यायचं नाही. पोशाख पाहिजे असेल तर मला हाक मारा.” बाई अशा ऐकणाऱ्यांतल्या नाहीत, पण बसल्या.

“खोकला कधीपासून आहे, मावशी?”

“झालं की वर्ष. तुझ्या बाबांनी दुसऱ्यांदा रंग दिला ना, त्याच सुमारास सुरू झाला बघ.”

टिल्लीने “हं” केलं आणि पिशवीतून तोंडावर लावायचे दोन मास्क काढले. कापडाचे नव्हेत, दोन्ही बाजूंना गाळण्या असलेले रबरी. मला एक चढवला, गाळण्यांवर स्वतःचे तळहात दाबले आणि म्हणाली, “श्वास घ्या.” मी घेतला. हवा छान आली.

“यायला नको होती,” ती म्हणाली. “दाढीतून येतेय. दाढी काढावी लागेल.”

माझी दाढी लग्नाच्या आधीपासूनची आहे. बायकोने मला कायम दाढीसकटच पाहिलेलं आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंत रंगवायला दाढी काढणारा रंगारी मी तरी अजून ऐकलेला नाही, असं मी तिला सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, “मग तुम्ही मावशींशेजारी बसा. मी एकटी करते.” वीस मिनिटांनी मी कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून गुळगुळीत होऊन परत आलो. बाईंनी मला ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा हसता हसता त्यांना असा ठसका लागला की टिल्लीला त्यांची पाठ चोळत बसावं लागलं. तो ठसका ऐकल्यावर माझा राग गेला.

मग खरं काम सुरू झालं, आणि मला कबूल केलं पाहिजे की मी बघतच राहिलो. पोरीने दाराला वरपासून खालपर्यंत प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली, फक्त जायला-यायला एक चीर ठेवली. गल्लीच्या खिडकीत पंखा उलटा बसवला, तोंड बाहेर करून, म्हणजे खोलीतली हवा गल्लीत जाईल, दुकानात एक कणही शिरणार नाही. एकेक पोशाख आतल्या आत पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून, वरून ओलं फडकं फिरवून मगच बाहेर. धुता येणारे गरम पाण्यात धुवायला गेले. मखमलीचे अंगरखे गच्चीवर उन्हात टाकून तिने आपल्या खास बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने साफ केले. भिंतीला टेकून ठेवलेले अकरा जोड बूट मात्र बुरशीने आतून पार खाल्ले होते, ते टाकून द्यायचे होते. बाईंना ते सांगायला ती स्वतः गेली, मला पाठवलं नाही.

शेवटी भिंत उरली. वरून अजून चकाकत होती बिचारी. काळे डाग होते, पण त्यांच्यामधून माझा आरसा दिसतच होता. टिल्लीने सुया टोचल्या. लाल. दोन हात पलीकडे, लाल. कमरेच्या वर गेली तेव्हा पिवळा, डोक्याच्या वर हिरवा.

“खालून ओली आहे. बाहेरून पाणी येतंय,” ती म्हणाली, आणि आम्ही गल्लीत गेलो. तिथे गच्चीवरून पाणी उतरणारा पाइप खाली सांध्यात फुटलेला होता. गल्लीत वर्षानुवर्षं मातीचा भराव पडून बाहेरची जमीन दुकानाच्या फरशीपेक्षा हातभर वर आली होती. सगळं पाणी भिंतीच्या पायाशी मुरत होतं. मला हायसं वाटलं. पाइप गळतो, भिंत भिजते, रंगाऱ्याचा यात काय दोष?

आत येऊन तिने भिंतीवर पाण्याचा बारीक फवारा मारला, धूळ उडू नये म्हणून, आणि रंगाच्या एका फुगवट्याखाली पत्री घातली. माझा रंग ताटाएवढा सुटून आला. तो असा सलग निघाला की त्याही क्षणी मला त्याचं कौतुक वाटलं. पण त्याची मागची बाजू काळीकुट्ट होती, केसाळ. त्याच्या मागचा गिलावा बोटाने दाबला तर पिठासारखा बसत होता.

टिल्लीने माझ्याकडे पाहिलं. मास्कमुळे डोळे तेवढे दिसत होते. चौतीस वर्षं भिंतींकडे बघणाऱ्या माणसाला त्यांतलं कळायला शब्द लागत नाहीत. पाइप आजचा फुटलेला नव्हता, सांध्यावर गंज चढून कित्येक वर्षं झाली होती. भिंत तेव्हाही भिजतच असणार. पण तेव्हा तिला चुना होता, चुन्यातून ओल खोलीत येऊन उडून जायची, आणि भिंत आपली आपण वाळायची. मी येऊन तिच्या तोंडावर रंग चोपडला. पाण्याला बाहेर पडायची वाट उरली नाही. आणि मागच्या वर्षी कोरडी घासून, पंखा लावून, ती सगळी काळी पूड बाईंच्या अंगावर कोणी उडवली, तर मीच.

आम्ही बाहेर आलो तेव्हा बाईंनी विचारलं, “सापडलं का गं कारण?”

“सापडलं,” टिल्ली म्हणाली. “गल्लीतला पाइप फुटलाय, मावशी. त्याचं पाणी.”

“तरी मी म्हणतेय, यांचं काम कसं चुकेल!” बाई म्हणाल्या. “मग पाइप नीट करा आणि परत आरसा करून द्या मला. तो उजेड बघितल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.”

दुपारी आम्ही बाप-लेक कट्ट्यावर डबा खायला बसलो. मी डबा उघडून तसाच बाजूला ठेवला.

“खोटं का बोललीस?”

“खोटं नाही बोलले. पाइप फुटलाच आहे.”

“निम्मं बोललीस. उरलेलं निम्मं कोण सांगणार?”

ती खाली बघत म्हणाली, “तुमचं नाव आहे, बाबा. सगळीकडे आहे. मी नाही घालवणार ते.”

मला भरून आलं, आणि लगेच रागही आला. “आणि परत आरसा करून दिला तर?”

“परत काळी पडेल. भिंत उघडी ठेवायला हवी, वाळेपर्यंत. नंतरही चुनाच.”

“त्या ऐकतील?”

“आरसा का नको ते सांगितल्याशिवाय नाही ऐकणार.”

म्हणजे माझं नाव राखायचं तर बाईंचं दुकान जाणार, आणि दुकान राखायचं तर तोंड उघडायला हवं. यात विचार करण्यासारखं फार नव्हतं. तरी मी डबा दोनदा बंद केला, दोनदा उघडला.

मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. बोडकी हनुवटी, आधीच निम्मी लाज गेलेली. म्हटलं, “बाई, पाइप फुटला ते खरं आहे. पण भिंत मी मारली. तिला चुना होता तोवर ती वाळत होती. मी रंगाने तिचं तोंड बंद केलं. आणि मागच्या वर्षी ती कोरडी घासून पंखा लावला, त्याने ती घाण तुमच्या छातीत गेली. पोरगी मला पाठीशी घालत होती. चूक माझी आहे.”

बाई उठून उभ्या राहिल्या. तोंड लाल झालं. “वर्षभर... वर्षभर मी...” एवढंच त्यांना म्हणता आलं. खोकल्याने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. काउंटरला धरून त्या उभ्या होत्या, माझ्याकडे बोट दाखवत होत्या, आणि शब्द एकही बाहेर पडत नव्हता. मला त्यांनी शंभर शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. जिच्यात मी शिव्या घालण्याइतकाही दम ठेवला नव्हता, तिच्यासमोर मी उभा होतो.

दम खाली बसल्यावर त्या टिल्लीकडे वळल्या. “काम तू करायचं. तू म्हणशील तसं. हे हवे असतील तर तुझ्या हाताखाली राहतील.”

आणि राहिलो. चौतीस वर्षांनी मी पहिल्यांदा कोणाच्या तरी हाताखाली काम केलं, आणि ते पोटच्या पोरीच्या. तिने फवारा मारायचा, मी खरवडायचं. ओलीची रेघ जिथे संपते तिच्यावर हातभर जाऊन सगळा सडलेला गिलावा आम्ही विटेपर्यंत उतरवला. तुकडे जाड पिशव्यांत, पिशव्यांची तोंडं आतच बांधलेली, अंगातले कपडेही तिथेच उतरवून पिशवीत. एकदा मी पिशवी न पुसता दारापर्यंत नेली, तर केवढ्याने ओरडली माझ्यावर! अगदी माझाच आवाज. मी पिशवी पुसली आणि मनातल्या मनात म्हटलं, पोरगी माझीच आहे, शंका नको.

पाइप बदलला. गल्लीतला भराव खणून पायाशी खडीचा चर काढला, म्हणजे पाणी थांबणार नाही. आणि मग वाट बघत बसलो. ही वाट बघणं मला सगळ्यांत जड गेलं. उघडी विटांची भिंत समोर आणि हातात ब्रश नाही! रोज सकाळी मी जायचो, टिल्लीच्या यंत्राने सहा ठिकाणी टोचायचो आणि तिला फोन करायचो. लाल, लाल, लाल. मग एक पिवळा. बाई काउंटरवरून बघायच्या, बोलायच्या नाहीत. पाचव्या आठवड्यात पहिला हिरवा लागला तेव्हा मी एकटाच त्या खोलीत “लागला!” म्हणून ओरडलो. बाहेर एक गिऱ्हाईक शिपायाची टोपी घालून बघत होतं, ते दचकलं.

सहाही दिवे हिरवे झाल्यावर चुन्याचा गिलावा केला, तो वाळू दिला, आणि तपासणीच्या दिवशी सकाळी टिल्ली आणि मी डोळ्यांना चष्मे लावून चुन्याचा पहिला हात देत होतो. ब्रशचे फराटे दिसत होते. माझा हात दोनदा ते पुसायला गेला, दोनदा तिने तो अडवला. खोलीला कसला म्हणून वास नव्हता.

बाई डॉक्टरांकडून आल्या. दारातच उभ्या राहिल्या, पिशवी खाली ठेवली. माझा जीव टांगणीला.

“काय म्हणाले डॉक्टर?”

त्या दोन पावलं आत आल्या. कमरेवर हात ठेवले आणि सुरू झाल्या.

“तुम्ही स्वतःला समजता कोण, चौतीस वर्षं चौतीस वर्षं म्हणून कान किटवलेत माझे, माझ्या बापाने चाळीस वर्षं जी भिंत नुसत्या चुन्यावर धडधाकट ठेवली ती तुम्ही तीन वर्षांत सडवलीत, वर पंखा लावून मला ती घाण हुंगवलीत, माझे अकरा जोड बूट गेले, मी वर्षभर अंथरुणाला पाठ लावून झोपले नाही, आणि हे सगळं करून वर दर वेळी बल्ब फिरवून माझ्याकडून वा म्हणून घेतलंत, लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला, मेल्या रंगाऱ्या!”

एका दमात. मधे एकही ठसका नाही. मी चुन्याचा ब्रश हातात धरून ऐकत होतो, आणि आयुष्यात कोणाचं बोलणं मला इतकं गोड लागलं नव्हतं. टिल्लीने चष्मा वर सरकवला. तिचे डोळे भरले होते.

“दुकान चालू ठेवा म्हणाले,” बाई हळूच म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. मग भिंतीजवळ आल्या, फराट्यांकडे पाहिलं, आणि टिल्लीला विचारलं, “अगं, असल्या माणसाला तू बरोबर कशी घेऊन फिरतेस?”

टिल्लीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बोललेलं ऐकतात, मावशी,” ती म्हणाली. “शिकताहेत. कामाला चांगले आहेत.”

मला आजवर लोकांनी पुष्कळ वाहवा दिली आहे, त्यातली बरीचशी मी बल्ब धरून मिळवलेली. ही मी न मागता मिळाली. घरी गेल्यावर बायकोला तीनदा सांगितली. ती म्हणाली, “कळलं हो. आता हात धुऊन या, चुना लागलाय.”